जिप्समच्या भिंतीला सरसकट नकार नको


‘उरणच्या दमट हवेत जिप्सम बोर्ड टिकणारच नाही’ हे एका पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे आहे. साधा बोर्ड भिजला की मऊ पडतो; न्हाणीघराला आणि पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला तो लावूच नये. पण उरणमधल्या द्रोणागिरीतल्या इमारतींत दोन खोल्यांमधल्या भिंतीला तो उत्तम. विटेपेक्षा कितीतरी हलका, म्हणून स्लॅबवर भार कमी. शिवाय जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते. आगीत त्याची वाफ होते आणि भिंत लवकर तापत नाही. खाऱ्या हवेत खरी काळजी आतल्या पत्र्याच्या सांगाड्याची. त्यावर जस्ताचा थर पुरेसा आहे ना, हे बोर्ड ठोकण्याआधी घरमालकांनी स्वतः पाहावे.

— एक वाचक, उरण