डब्यावरचा आकडा

निवृत्तीनंतर पुण्याच्या गर्दीतून उठून मी मुळशी तालुक्यातल्या नांदे गावी राहायला आलो. सूस ओलांडले की हे गाव. एकेकाळचा हा भातखाचरांचा मुलूख. आता खाचरांच्या बांधापर्यंत इमारती येऊन ठेपल्या आहेत. तरीही आमच्याकडे दूध गावातल्याच एका घरातून येते. त्या घरी तीन म्हशी आहेत. घरचा वीस वर्षांचा नातू सकाळी दूध घालतो आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जातो. त्याची पोलीस भरतीची तयारी चालली आहे.

गेल्या पावसाळ्यात तो चार दिवस आलाच नाही. पाचव्या दिवशी आजोबा स्वतः किटली घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "पोराच्या छातीत धडधडतंय साहेब. हात कापत्यात. रात रात झोप नाय."

डॉक्टरांनी "काय काय घेतोस?" असे विचारले, तेव्हा दोन गोष्टी बाहेर आल्या. एक प्रथिनांच्या पावडरीचा मोठा डबा, किंमत सहा हजार रुपये. दुसरी व्यायामाआधी घ्यायची एक पुडी. तिच्यावर ना नाव, ना पत्ता. डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला सांगितले आणि आठवडाभरात मुलगा सावरला. नेमके कशाने धडधडले, हे मात्र सांगता येईना. कारण पुडीत काय होते, हे विकणारा सोडून कोणालाच ठाऊक नव्हते. कदाचित विकणाऱ्यालाही नसेल.

"पुडीचं सोड, पण डब्यात काय आहे ते तरी तुला माहीत होतं का?" मी त्याला विचारले.

"डब्यावर लिहिलंय की काका. एका चमच्यात चोवीस ग्रॅम प्रोटीन."

या उत्तराने मला माझी नोकरी आठवली. बँकेत असताना मालतारणावर कर्जे दिली जात. कर्जदार दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट आणून देई. गोदामात इतकी पोती, इतका माल, इतकी किंमत. कागद नीटनेटका, खाली सही-शिक्का. नवा अधिकारी तो कागद फायलीला लावून मोकळा होई. जुना अधिकारी गोदामात जाई आणि मागच्या रांगेतल्या पोत्यात पोकळ सळई खुपसून पाही. एका गोदामात पुढच्या दोन रांगांमध्ये धान्य आणि मागे नुसता कोंडा निघालेला मी स्वतः पाहिला आहे. स्टेटमेंटवरचा पोत्यांचा आकडा मात्र अगदी बरोबर होता!

डब्यावरचे लेबल हे असेच स्टॉक स्टेटमेंट आहे. ते माल विकणाऱ्यानेच लिहिलेले असते. प्रश्न इतकाच, की पोत्यात सळई कोण घालतो?

२०२४ साली ती काहींनी घातली. केरळमधील यकृततज्ज्ञ डॉ. सिरियॅक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी तपासल्या आणि निष्कर्ष 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. छत्तीसपैकी २५ डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. काहींत तर लिहिले होते त्याच्या निम्मेच प्रथिन होते. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले, सुमारे आठ टक्क्यांत कीटकनाशकांचा अंश. छत्तीस नमुन्यांवरून साऱ्या बाजाराला दोषी ठरवता येत नाही, हे मान्य. पण गोदामातली छत्तीस पोती उघडावीत आणि पंचवीस खोटी निघावीत, तर कोणता बँक अधिकारी उरलेल्यांवर विसंबून कर्ज देईल?

आकडा फुगवण्याची युक्तीही समजून घेण्यासारखी आहे. प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली बसवली. तिच्यात प्रथिन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे. पण नायट्रोजन दुसऱ्या कशातूनही आला तरी ही पद्धत त्याला प्रथिनच समजते. ग्लायसीन हे स्वस्त अमिनो आम्ल घ्या. शंभर ग्रॅम ग्लायसीनमध्ये या हिशेबाने जवळजवळ ११७ ग्रॅम प्रथिने 'दिसतात'! पोती मोजायची आणि त्यालाच धान्य म्हणायचे, तसाच हा प्रकार. चीनमध्ये २००८ साली हीच युक्ती दुधात मेलामाइन घालून केली गेली. सहा अर्भके दगावली, सुमारे तीन लाख मुले आजारी पडली. त्याच वर्षी भारताने चिनी दुग्धपदार्थांची आयात बंद केली.

मग आपल्याकडे कायदा नाही का? आहे. २००६ चा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा आहे, आणि पूरक आहारासाठी २०१६ साली केलेले वेगळे नियम जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांनुसार अशा डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशी सूचना छापावी लागते. डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांकही असतो. तो पाहून आपल्याला वाटते, सरकारने हा डबा तपासला. वस्तुतः परवाना उत्पादकाला मिळालेला असतो. ही पावडर कायद्याच्या दृष्टीने औषध नव्हे, अन्न आहे. तपासणी होते ती बहुधा माल बाजारात आल्यावर, निरीक्षकाने नमुना उचलला तर. माल कमअस्सल ठरला तर पाच लाखांपर्यंत आणि लेबल खोटे ठरले तर तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सहा हजारांचा एक डबा, हे लक्षात घेतले तर या दंडाचे वजन मोठ्या उत्पादकाला किती वाटेल, ते सांगायला नको.

हे केवळ आपलेच दुखणे नाही. अमेरिकेने १९९४ साली कायदा करून पूरक आहाराला विक्रीपूर्व मंजुरीच्या जाचातून मोकळे ठेवले. वजन घटवण्यासाठी खपणाऱ्या एफेड्रा या वनस्पतीच्या गोळ्यांवर तिथे बंदी आली ती २००४ साली, अनेक मृत्यूंची चर्चा झाल्यावर. आधी विक्री, मग दुखापत, मग चौकशी, असा हा क्रम आहे.

आणि औषध म्हटले म्हणजे सारे निर्धोक, असेही नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनापासून खरेदी यंत्रणेपर्यंत सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. १९४० च्या औषध कायद्याचा पहारा असताना हे घडले. जिथे पहाराच विरळ, तिथे आपण कशाच्या भरवशावर आहोत?

एक खुलासा आवश्यक आहे. ही पावडर मुळात विष नव्हे. दूध फाडून चीज करताना जे हिरवट पाणी उरते, ते गाळून, सुकवून ती बनवतात. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर अशी पावडर सांगतात, तेव्हा तिचा उपयोगही असतो. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रथिन पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे. साधारण प्रौढाची गरज शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम पुरे. व्यायाम करणाऱ्याला जास्त लागते, तरी १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना विशेष लाभ नाही.

आता चमच्यातल्या त्या चोवीस ग्रॅमांचा हिशेब करू. पाऊण लिटर दुधात साधारण तेवढी प्रथिने असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत तर तेवढी किंवा थोडी जास्तच. म्हणजे आमचा हा मुलगा सकाळी किटलीतून जे विकत होता, तेच संध्याकाळी डब्यातून विकत घेत होता, आणि तेही पुरे मिळते की नाही याची खात्री नसताना. जुन्या तालमीतला पैलवान दूध, बदाम, थंडाई असा खुराक घेई. त्याचे सारेच शास्त्रशुद्ध होते असे मी म्हणणार नाही. पण म्हैस त्याच्या डोळ्यांदेखत पिळली जात होती.

मी मुलाला दोष देत नाही. जमिनी विकल्या गेल्या, भात कमी झाले, हक्काची नोकरी म्हणून समोर भरतीच दिसते. व्यायामशाळेत शेजारचा फुगलेला दंड दिसतो आणि मन घाई करते. या घाईवरच धंदा चालतो. जिमच्या आसपास मेफेन्टरमाइनची इंजेक्शने विकणाऱ्यांना पुणे पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत अनेकदा पकडले आहे. रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला द्यायचे हे औषध धडधाकट पोरे टोचून घेतात. डबा, पुडी, सुई असा हा उतार आहे.

करता येण्यासारखे काय आहे? प्रत्येक घाण्याचा तपासणी अहवाल उत्पादकाने लोकांसमोर ठेवावा. तपासणी फक्त नायट्रोजनची नको, अमिनो आम्लांची वेगवेगळी मोजणी हवी. म्हणजे ग्लायसीनची चलाखी उघडी पडेल. आणि एक गोष्ट आजच आपल्या हातात आहे. २००६ च्या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही शुल्क भरून आपण घेतलेला माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. माल नियमबाह्य ठरला तर शुल्क परत मिळते. व्यायामशाळेतल्या दहा मुलांनी वर्गणी काढून एक डबा असा तपासून घेतला, तरी दुकानदाराची भाषा बदलेल.

मुलगा आता पुन्हा पळायला जातो. भरतीत त्याची उंची १६५ सेंटिमीटर भरली पाहिजे, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी पाच. सोळाशे मीटर पळताना सेकंद मोजले जातील. एक सेंटिमीटर कमी पडला तर घरी. त्याच्या शरीराचे माप इतक्या काटेकोरपणे घेणारे सरकार त्या शरीरात जाणाऱ्या डब्याचे माप कधी घेणार, असे मी त्याच्या आजोबांना म्हणालो. त्यांनी किटलीतले दूध मापाने आमच्या पातेल्यात ओतले, वरून थोडे जास्तीचे घातले, आणि म्हणाले, "आमचं माप तुमच्यासमोर असतंय साहेब. त्यांनीबी दाखवावं."