पित्त असेल, झोप म्हणजे बरं वाटेल!

गोष्ट १९९८ सालची. अहमदपूरच्या आमच्या शाखेत ३१ मार्चची रात्र. लेजर काही जुळत नव्हतं. एकाएकी आमचे हेडकॅशियर दोन्ही हातांनी मान धरून म्हणाले, "साहेब, डोक्यात काहीतरी फुटल्यागत झालं." पाठोपाठ उलटी. आम्ही सगळेच शहाणे! कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं ऊन लागलं. बाम चोळला, लिंबू-पाणी पाजलं आणि घरी सोडलं. पहाटे ते बेशुद्ध झाले. लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "दुखायला नेमकं किती वाजता लागलं?" व्हाउचरागणिक तारीख टाकणारे आम्ही, एकालाही सांगता आलं नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. ते परत आले नाहीत.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट असेच गेले. १२ एप्रिल १९४५ रोजी डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय म्हणाले, कोसळले आणि त्याच दुपारी संपले. तेव्हा रक्तदाबावर आजच्यासारखी औषधं नव्हती, सीटी स्कॅनही नव्हता. आज दोन्ही आहे. कमी आहे ती आपल्या सावधपणाची.

मी डॉक्टर नाही. पण त्या रात्रीनंतर डॉक्टर मित्रांना विचारून एक गोष्ट पक्की समजलो. बहुतेक डोकेदुखी निरुपद्रवीच असते; मात्र दुखणं किती आहे याइतकंच ते कसं सुरू झालं हे महत्त्वाचं. मिनिटभरात शिगेला पोचलेलं, आयुष्यात कधी नव्हतं असं दुखणं म्हणजे धोका. तापासोबत मान आखडणं, बोबडी वळणं, हातपाय लुळा पडणं, दिसेनासं होणं, झटका येणं, डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढत जाणं, गरोदरपणात रक्तदाब चढून डोकं ठणकणं, पन्नाशीनंतर प्रथमच नव्या तऱ्हेने दुखू लागणं, हेही तसंच. गोळीने उतरलं म्हणजे धोका टळला असंही नाही.

अशा वेळी आधी घड्याळ पाहा, वेळ कागदावर लिहा आणि १०८ला फोन करा. पहिल्या सहा तासांत काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा रक्तस्राव सहसा निसटत नाही. पुढे तो दिसणं अवघड होत जातं. अहमदपूरहून लातूर काय, नांदेड काय, तास-दीड तास रस्त्यातच जातो. उरलेला वेळ निदान आपण बाम चोळण्यात घालवू नये.

घरातली बाई असं काही म्हणाली, तर "तुझं नेहमीचंच आहे" हे वाक्य गिळून टाका. ते हेडकॅशियरही कधी तक्रार न करणारे होते. त्या रात्री त्यांनी एकदाच केली, आणि आम्ही पित्त म्हणालो.