डोक्याचा मार आणि केसपेपरवरील कोरा रकाना

काही वर्षांपूर्वी एक गवंडी शिरःशूल व भ्रम या तक्रारी घेऊन माझ्याकडे आला. पित्तप्रकोप समजून मी पंधरा दिवसांची औषधे दिली. पुढील भेटीत त्याची पत्नी सहज बोलून गेली, "डॉक्टरसाहेब, दीड महिन्यामागं हे परांचीवरून पडले होते, पण दुसऱ्या दिवशी कामावर गेले." सी. टी. स्कॅनमध्ये कवटीच्या आत साचलेले जुने रक्त दिसले. शस्त्रक्रियेने तो वाचला. माझ्या केसपेपरवरील 'व्यवसाय' हा रकाना मात्र कोराच होता.

शिर, हृदय व बस्ती या तीन प्रधान मर्मांचे महत्त्व चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात सांगितले. सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांपैकी ३७ ऊर्ध्वजत्रुगत मानली. हे आपण पाठ केले. परंतु 'डोक्याला मार लागला होता का?' हा साधा प्रश्न विचारावयास विसरतो.

शासकीय नोंदीतही हीच उणीव आहे. कारखाने अधिनियम, १९४८ ने अपघाताची सूचना देण्याचे दायित्व व्यवस्थापनावर टाकले. मृत्यू वगळता, कामगार ४८ तास वा अधिक कामावर येऊ शकला नाही तरच. २०२० च्या संहितेनेही हाच निकष ठेवला. मजुरी बुडू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी विटा उचलणारा मजूर या गणनेत येतच नाही. तो येतो आपल्या दवाखान्यात, किंवा औषधाच्या दुकानात डोकेदुखीची गोळी मागावयास.

म्हणून माझी सूचना अशी. केसपेपरवर चार गोष्टी लिहाव्यात : व्यवसाय, आघाताची तारीख व जागा, शुद्ध हरपली होती का, त्या वेळचे आठवते का. विस्मृती, चिडचिड, निद्रानाश असल्यास पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावे. दुकानदार बंधूंनी वारंवार गोळी नेणाऱ्यास हाच प्रश्न विचारून वैद्याकडे धाडावे. वारंवार वांती, वाढती गुंगी, आक्षेपक, एका अंगाची दुर्बलता, बाहुल्यांमधील असमानता वा नाका-कानातून स्वच्छ पाणी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास नस्य अथवा शिरोधारेचा विचारही न करता रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

शाखांनी रुग्णांची नावे वगळून या नोंदी दर तिमाहीस एकत्र कराव्यात. कोणत्या कामात, कोणत्या उंचीवरून माणसे पडतात हे त्यातून कळेल. भरपाई मागणाऱ्या कामगाराच्या हाती तारखेचा एक कागद तरी राहील. त्यासाठी यंत्र नको, निधी नको, लेखणी पुरे. माझा रकाना कोरा राहिला, तो आपला राहू नये, एवढीच विनंती.