घरचें वाहन : ओझें आणि कमान

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां एक तरी मोटार आहे, आणि एकत्र कुटुंबांतील मोटारीच्या वांट्यास घरांतील थोरल्या सुनेप्रमाणेंच साऱ्यांचें ओझें येतें. पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून मागें गॅसची टांकी बसविली जाते, सामानासाठीं छपरावर जाळी येते आणि सुटीच्या दिवशीं कळंबच्या चिंतामणीस निघतांना मागच्या बाकावर तिघांच्या जागीं चौघे बसतात. मग एके दिवशीं गतिरोधकावर गाडीचें पोट घासतें आणि घरांत प्रश्न उभा राहतो : हिच्या स्प्रिंगा बदलाव्या काय?

असाच प्रसंग आमच्या परिचयाच्या एका घरीं नुकताच आला. धाकट्या चिरंजीवांनीं सर्वांत कडक स्प्रिंगा आणण्याचें ठरविलें होतें. त्यांच्या काकूंस पाठीच्या मणक्याचा त्रास. त्या म्हणाल्या, “अरे बाळा, गाडी उंच होईल तें खरें, पण मला तींत बसतां येईल का तें विचारलेंस का कुणास?” प्रश्न साधा, परंतु या विषयाचें अर्धें मर्म त्यांत आलें.

स्प्रिंगेचा मूळ नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. ओझें दुप्पट झालें तर दबणेंही दुप्पट, इतकेंच त्याचें सार. समजा, मागील दोन्ही स्प्रिंगा मिळून ४० किलो वजनास एक सेंटिमीटर दबतात. टांकी, तींतील गॅस आणि बैठक मिळून ७० किलो झाले, तर गाडीची पाठ पावणेदोन सेंटिमीटर कायमची खालीं गेली. त्यावर तीन माणसें बसलीं म्हणजे आणखी सुमारें चार सेंटिमीटर. खड्ड्यांत चाक वर उचलण्यास जी मोकळी जागा ठेविलेली असते, तिचा मोठा भाग घरांतून निघण्यापूर्वींच खर्ची पडला. उरलेला धक्का रबरी ठोकळ्यावर आणि तेथून काकूंच्या पाठीवर.

हें आपल्या गाडीवानांस फार पूर्वीं ठाऊक होतें. वऱ्हाडांतील खासर भरतांना ओझें मागें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें. मोटारीचेंही तसेंच. मागें भार वाढला म्हणजे पुढचीं चाकें हलकीं होतात, सुकाणू सैल वाटतें, आणि रात्रीं दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून जड सामान छपरावर वा अगदीं मागें न ठेवतां शक्य तितकें गाडीच्या मध्याजवळ व खालीं ठेवावें. या उपायास पैसा लागत नाहीं.

आमच्या जिल्ह्याची गोष्ट थोडी निराळीही आहे. नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळ, आर्णी, महागांव, उमरखेड असा जातो, आणि त्यावर गाडीचे दोष झांकले जातात. परंतु त्यावरून उतरून आडवाटेस लागलें कीं काळी माती आपला गुण दाखविते. ही माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि तिच्यावरील डांबरी रस्ता लाटांसारखा वरखालीं होतो. अशा लाटेवर गाडी उचलते ती स्प्रिंगेनें, आणि शांत होते ती कारागीर ज्यास ‘शॉकअप’ म्हणतात त्यानें. हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. स्प्रिंग ओझें तोलते, शॉकअप हेलकावा आंवरतो. म्हणून पाठ खचली असतां केवळ नवे शॉकअप घालून ती सहसा वर येत नाहीं. आणि फार कडक स्प्रिंगेस जुनेच शॉकअप ठेवले तर गाडी उड्या मारते.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं मोजमाप करावें. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून वरील कमानीपर्यंतचें अंतर मोकळ्या व भरल्या गाडीचें टिपून ठेवावें. गाडीचा कोपरा दाबून सोडावा. एकदां वर येऊन ती स्थिरावली नाहीं, किंवा शॉकअपवर तेल पाझरलेलें दिसलें, तर तो बदलावा, आणि तोही जोडीनें. जिनिंगजवळ वा बाजार समितीजवळ धर्मकांटा असतो. तेथें भरलेली गाडी एकदां पूर्ण आणि एकदां केवळ मागील चाकांवर तोलून घ्यावी. कांटा ५-१० किलोंचा फरक दाखवीत नाहीं, पण आपल्या कामापुरतें तेवढें पुरे.

आतां उपाय. स्प्रिंगा जुन्या होऊन खचल्या असल्यास कंपनीच्याच नव्या जोडीनें पुष्कळदां काम भागतें. कांहीं कंपन्या कारखान्यांतूनच गॅसवर निघणाऱ्या गाडीस त्या वजनाजोगी स्प्रिंग देतात. त्याच नमुन्याची मिळाली तर उत्तम. मागील चाकांवर मोकळ्या गाडीचे ३५० किलो असतील आणि टांकीचे ७० वाढले, तर वाढ एक पंचमांशाची. कडकपणाही त्याहून अधिक नको. वेटोळ्यांमध्यें बसवावयाचे रबरी तुकडे स्वस्त खरे, परंतु ते कांहीं वेटोळीं बंद पाडतात आणि त्यांचें काम इतरांवर टाकतात. ओझें कधीं असतें, कधीं नसतें, अशांनीं स्प्रिंगेंत बसणाऱ्या हवेच्या पिशवीचा विचार करावा. मात्र ती प्रत्येक गाडींत बसत नाहीं, आणि तिची हवा नेमानें पाहावी लागते. जीपसारख्या गाडीस कमानपाटा वाढवितां येतो, पण मोकळी असतां तीच गाडी हाडें खिळखिळीं करते.

येथें खरी सावधगिरी सांगावयाची आहे. उंची परत आली म्हणजे ताकद आली असें नव्हे. ब्रेक, टायर, आंस व सांटा यांची मर्यादा कंपनीनें ठरविलेल्या एकूण वजनाइतकीच राहते. समजा, गाडीस ४३० किलो भाराची मुभा आहे. टांकीचे ७० गेले, पांच माणसांचे ३०० गेले, उरले ६०. छपरावरील जाळी व पेट्या मिळून ८० झाल्या, तर आपण २० किलो उसने घेतले, आणि हें कर्ज उतारावर ब्रेक लावतांना फेडावें लागतें. खचलेली पाठ ही गाडीनें दिलेली सूचना असते; कडक स्प्रिंग ती सूचना बंद करते, ओझें नाहीं. टायरांत भरल्या गाडीसाठीं सांगितलेली हवा ठेवावी. चालकाच्या दाराजवळील चिठ्ठीवर ती बहुधा छापलेली असते.

कायद्याकडेही पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ तपशिलांत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तेंच स्पष्ट केलें. गॅसची टांकी मान्यताप्राप्तच असावी व तिची नोंद नोंदणीपुस्तकांत व विम्यांत व्हावी.

वर सांगितलेल्या घरीं शेवटीं कंपनीच्या नव्या स्प्रिंगा व शॉकअप आले, छपरावरील जाळी उतरली, आणि कळंबास जातांना धाकटे चिरंजीव स्वतः एस.टी.नें गेले. काकू मागच्या बाकावर सुखानें बसल्या. गाडीची पाठ सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हांस तरी ठाऊक नाहीं.