चौथ्या गटातल्या बाया

संमतीपत्रावर बाईचा अंगठा उमटला की संशोधकांची नैतिक जबाबदारी संपली, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचंच घ्या. 1999 पासून तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया, चार गट. तिघांना वेगवेगळी तपासणी. चौथ्यातल्या 31,488 जणींना तपासणी नाही. 'नेहमीची सेवा', म्हणजे माहिती, आणि हवी तर दवाखान्यात जा हा सल्ला. 2009 साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात, 34,126 जणींत, या रोगाने 34 मृत्यू. चौथ्या गटात 64.

तपासणीत रोग सापडलेल्या बायांवर उपचार झाले, हे मी नाकारत नाही. पण "त्यांना एरवी तरी काय मिळत होतं?" हा बचाव मला भयंकर वाटतो. सरकारने काही दिलं नाही, म्हणून काही न देणं हीच 'नेहमीची सेवा' ठरली! श्रीमंत देशांत पॅप तपासणी कित्येक दशकं रूढ होती. तिथल्या बायांचा असा चौथा गट कुठल्या समितीने मंजूर केला असता?

आणि संमती म्हणजे तरी काय? वस्तीत मी बघते ना. कागद वाचून दाखवणारीला संध्याकाळपर्यंत ठरलेली घरं उरकायची असतात. बाई हळूच विचारते, "ताई, सही नाही केली तर रेशनचं काही होईल का?" खम्मम जिल्ह्यात 2009 साली वसतिगृहातल्या मुलींना एचपीव्ही लस टोचली, तेव्हा अनेकींच्या संमतीपत्रांवर वॉर्डननेच सह्या ठोकल्या. संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर ताशेरे ओढले.

संशोधनाचा लाभ सहभागींपर्यंत पोचला पाहिजे, असं आयसीएमआरची 2017 ची तत्त्वं सांगतात. कागदावर.

मैत्रिणींनो, वस्तीत शिरायला या मंडळींना आपली महिला मंडळं लागतात. बायांची नावं, पत्ते, विश्वास, सगळं आपण चहापाण्यासकट पुरवतो. यापुढे आधी विचारू या: काहीच न मिळणारा गट आहे का? उपाय लागू पडला तर त्या बायांना तो कधी देणार, खर्च कोणाचा? उत्तर मराठीत, लेखी हवं. ते हातात पडेपर्यंत यादी द्यायची नाही.