माळावरचे धान्य-कोठार

मुंगीत काय पाहायचे, असे म्हणणाऱ्या बंधू-भगिनींना एक विनंती. पावसाळा सरून गवताला बी धरले की सुट्टीच्या सकाळी मुलांना घेऊन जवळच्या माळावर जावे. वही, पेन्सिल आणि मिळाले तर एखादे भिंग पुरे.

जमिनीतल्या बिळाभोवती फोलपटांचे पिवळट कडे दिसले की समजावे, ही धान्य साठवणारी मुंगी. गवताचे बी ओढत आणायचे, आत सोलायचे आणि टरफले बाहेर टाकायची, हे तिचे काम. तिच्या एका जातीत काही मुंग्यांचे डोके अंगाच्या मानाने भलतेच मोठे असते. कठीण बी फोडायचे ते त्यांनीच.

१८२९ साली पुण्यात कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने परेडच्या मैदानाजवळ गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग पाहिले. पावसाने भिजलेले बी मुंग्यांनी वाळत घातले होते. आपल्या आया-बहिणी ओली ज्वारी अंगणात पसरतात, तेच हे! मुंगी धान्य साठवते, हे त्या काळी युरोपातले बरेच विद्वान मानायला तयार नव्हते. आमच्या गुराख्याला कोणी विचारलेच नव्हते.

आता कमर पाहा. धान्यमुंगीच्या कमरेला दोन गाठी, तर काळ्या डोंगळ्याच्या कमरेला एकच. डोंगळ्याला नांगी नसते. तो चावतो आणि आम्ल सोडतो. कमर बारीक नसेल तर ती मुंगीच नव्हे, वाळवी असेल.

अंगावर बारीक रेघा असलेली, एकेकटी हिंडणारी मोठी काळी मुंगी मात्र डंख मारते. मुलांना तिला हात लावू देऊ नये. तिची एक जात बिळाच्या तोंडाशी पक्ष्यांची पिसे मांडते. पहाटे त्यांवर दव साचते आणि ते पाणी ती पिते.

'राणी' हा शब्द मुलांना नीट समजावून सांगा. राणी हुकूम सोडत नाही, अंडी घालते. कामकरी सगळ्या माद्याच असतात.

बिळात रॉकेल ओतण्याची खोड काही मुलांना असते, ती मोडावी. माळाला कागदोपत्री 'पडीक' म्हणतात आणि प्लॉट पाडतात, तेव्हा ही कोठारे तशीही जातातच.

बिळापासून हातभर अंतरावर थोडे तीळ आणि चिमूटभर साखर ठेवा. कोण काय उचलते, ते वेळेसह वहीत लिहा. डोंगळा बहुधा साखरेकडे वळेल.