आधी परिसर, मग सदनिका

व्यापारानिमित्त बार्शी, नगर, बारामतीहून पुण्यात येणारी कुटुंबे प्रथम सदनिकेचा दर विचारतात. परिसराची चौकशी मागाहून होते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पेढी असणाऱ्यास मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क किंवा बिबवेवाडी सोयीची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; पेढीवरून वेळेत घरी पोहोचून चौविहार साधेल काय, हा हिशेब चौरस फुटांइतकाच महत्त्वाचा. जिनालय वा स्थानक वृद्धांना पायी गाठता यावे. चातुर्मासात भर पावसात रिक्षा शोधणारी आजी प्रवचनास किती दिवस जाईल?

शांततेची परीक्षा रविवारी दुपारी करू नये. हमरस्त्यावरची इमारतही तेव्हा निवांत भासते. कामाच्या दिवशी सायंकाळी सातला तेथे उभे राहावे, पहारेकऱ्याशी बोलावे. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर किती येतात, हे तोच सांगतो. विक्रेता सांगत नाही.

शक्यतो आधी ११ महिने भाड्याने राहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ‘आपल्याच समाजातले आहेत’ म्हणून ती टाळली जाते. मग वाद उद्भवल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात.